लेकीच्या शर्यतीच्या सीटवर तिची आई

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले होते. ती सीटवर बसलेली, मांडीवर परात. मी बाजूला खुर्ची टाकून. दाणा दोन बोटांत दाबला की साल हातात राहते नि दाणा पुढं पळतो. तिनं दहा-बारा सोलले असतील, मग हात परातीतच राहिला. बाकीचे मी सोलले. एक दाणा उडाला तो खाली पेडलच्या फटीत गेला.

"नमी आली की बोंबलेल," ती म्हणाली. "ब्रेकात वाल घातला म्हणून."

"बोंबलू दे."

"तुमीच काढा मग वाकून."

मी वाकलो नाही. कंबर दुखत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

*

माझं शिक्षण चौथी. दवाखान्यातल्या एक सिस्टर म्हणाल्या, काका, काकींसारखे पेशंट रोज येतात, घरच्यांना काय करायचं कळत नाही, तुम्ही त्यांना सांगा. सांगायला गेलो की मी भलतंच सांगत बसतो. म्हणून लिहिलं. मुलीनं अक्षरं सुधारली. वाक्यं माझीच ठेव म्हणून तिला बजावलंय.

आमचं गाव रेवसच्या बाजूला, खाडीकाठी. बापजाद्यांची मिठागरं होती. मी ट्रक चालवला, चाळीस वर्षं. बायकोचं नाव सुगंधा. एकच मुलगी, नमिता. ती शर्यतीच्या गाड्या चालवते. हौस म्हणून नाही, तोच तिचा धंदा, त्याचाच पगार. त्या नादाला कशी लागली ती वेगळी गोष्ट आहे, इथं नको.

घरात पूर्वी भाताची कणगी होती त्या खोलीत तिनं सरावाचं मशीन बसवलं. ती त्याला सिम म्हणते. लोखंडासारखा दिसणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्याच्यावर खऱ्या शर्यतीच्या गाडीतली सीट. पुढं स्टेअरिंग, खाली पेडल. समोर तीन मोठे स्क्रीन, घोड्याच्या नालासारखे वळवून भिंतीला लागून उभे केलेले. चार कोपऱ्यांत विजेचे चार जॅक. स्क्रीनवरची गाडी वळली की जॅक सीटला कलवतात, खड्डा आला की खड्डा देतात. स्टेअरिंगला एवढी ताकद की बेसावध राहिलात तर मनगट मुरगळेल. ब्रेक मी पहिल्यांदा दाबला तर हललाच नाही. मी म्हटलं, जाम झालाय. नमी हसली. "बाबा, तो हलत नसतो. तुम्ही किती जोर लावला तेवढं मोजतो."

मशीन तापतं म्हणून त्या खोलीत एसी. आमच्याकडं लाईट जाते म्हणून बॅटरीचा मोठा डबा. घरात दुसरीकडं कुठं एसी नाही, बॅटरी नाही. मी त्या खोलीला खेळण्याची खोली म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो.

*

सुगंधाला आडवं पडलं की खोकला यायचा. मी म्हटलं, गॅस झालाय. ओवा दिला, सोडा दिला. मग ती उशी घेऊन कपाटाला टेकून बसून झोपायला लागली. मी म्हटलं, रात्री वांगं खाऊ नको. पाय सुजले, चपलेत मावेनात. मी म्हटलं, वय झालं. असे चार महिने मी डॉक्टर होतो.

एक दिवस नळावरनं येताना ती मधेच शेजाऱ्याच्या पायरीवर बसली. हंडा बाजूला ठेवला आणि तोंड उघडं टाकून श्वास ओढायला लागली, मासा टोपलीत टाकल्यावर करतो तसा. तेव्हा माझे डोळे उघडले.

अलिबागला दाखवलं. त्यांनी मुंबईला पाठवलं. रेवसवरनं लाँचनं भाऊच्या धक्क्याला गेलो. तिकडं एका तरुण डॉक्टरनं तिच्या छातीवर यंत्र फिरवून टीव्हीवर तिचं हृदय आम्हाला दाखवलं. थकलेल्या बाईनं परसातला हापसा मारावा तसं ते हलत होतं.

"हृदय नीट पंप करत नाहीये," तो म्हणाला. "त्यामुळं पाणी मागं तुंबतं, फुप्फुसात साचतं. आडवं झालं की जास्त त्रास होतो तो त्यामुळंच."

मी गाडीवाला माणूस. विचारलं, "पंप बदलता येत नाही?"

तो हसला नाही. म्हणाला, "यांच्या तब्येतीला नाही झेपणार. औषधांनी बरे दिवस काढता येतील."

"किती दिवस?"

सुगंधा शेजारीच बसली होती. पदर सारखा करत म्हणाली, "त्यांना काय इचारता? ते काय देव हायत? उठा, लाँच चुकंल."

लाँचमध्ये ती खिडकीशी बसली. अर्ध्या पाण्यात आल्यावर म्हणाली, "मला वाटलं गॅसच हाय."

तिनं टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

*

आता आमची चूक सांगतो. ती कोणी करू नये.

डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. मिठागरवाल्याच्या घरात मीठ बंद! पण ऐकलं. बाजारातली पिशवीतली मिठाची पुडी मी शेजारणीला देऊन टाकली. आणि घरचं खडं मीठ चालू ठेवलं. आम्हाला दोघांनाही खरंच वाटलं की डॉक्टर त्या पुडीच्या पांढऱ्या पावडरीबद्दल बोलतात. आपलं मीठ हे आपल्या खाडीचं, उन्हात वाळलेलं, त्यानं कधी कोणाला काय झालंय? आजा-पणजा त्याच्यावर जगले. ती तर म्हणाली, "आपलं मीठ औषधी हाय." सुके बोंबील पण चालू होते, कारण त्यात आम्ही वरून मीठ टाकत नव्हतो.

तीन आठवड्यांत पाय खांबासारखे झाले. परत लाँच, परत तोच दवाखाना. सिस्टरनं विचारलं, मीठ बंद आहे ना? मी छाती काढून म्हटलं, "बंद. घरचंच खातो फक्त."

 सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मला राग आला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला कळेल असं बोललं.

तर सांगतो. मीठ म्हणजे सगळं मीठ. पुडीचं, खड्याचं, लोणच्याचं, पापडाचं, सुक्या मासळीचं. पाणी सांगितलं तेवढंच, आणि चहासुद्धा त्यातच धरायचा. मी सकाळी एका तांब्यात दिवसाचं पाणी भरून ठेवायचो. ती कधी त्याच्यासाठी भांडायची, कधी मला दोन घोट उरवून दाखवायची. रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. थांबू नका, डॉक्टरला फोन करा. मी थांबलो होतो.

*

दुसऱ्यांदा घरी आणलं तेव्हा उन्हाळा होता. चार उशा लावल्या तरी ती घसरून खाली यायची आणि घुसमटून जागी व्हायची. नमी तेव्हा घरी होती. म्हणाली, निदान गारव्यात तरी झोपू दे आयेला. सिमच्या खोलीत खाली गादी घातली. पाच मिनिटांत सुगंधा उठून बसली, हाताला आला तो सांगाडा धरला, आणि कशी कोण जाणे, त्या सीटमध्ये जाऊन बसली. पाठ टेकली. डोकं टेकलं. दोन्ही बाजूंनी सीटनं तिला धरलं.

आणि झोपली.

मी आणि नमी दारात उभे. एक तास झाला, दोन झाले. मी चादर घालायला पुढं गेलो तर नमीनं मनगट धरलं. "बाबा, हात लावू नका," ती एवढ्या हळू म्हणाली, जसं काही झाडावर पाखरू बसलंय.

चार तास झोपली. दोन महिन्यांत एवढी झोपली नव्हती.

सुगंधा जागी झाल्यावर नमीनं पाना घेतला. पेडल पुढं सरकवले, आईला पाय लांब करता यावेत म्हणून. स्टेअरिंग काढून बाजूला ठेवलं. जॅकना असं काही शिकवलं की एक बटण दाबलं की पुढची बाजू हळूहळू चार बोटं उचलायची आणि सीट मागं रेलायची. परत दाबलं की सरळ. बाजूला लाल बटण, काही गडबड झाली तर ते दाबायचं. दवाखान्यातनं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीच्या डब्याला जोडलं. मला सगळं तीनदा करायला लावलं, चौथ्यांदा डोळे मिटून करायला लावलं.

"तुझी सीट घेतली गो मी," सुगंधा म्हणाली. "सराव कसा करशील?"

"पुण्याला एकाकडं आहे तसलं, तिथं जाईन. आये, आमच्यात सीट कोणाच्या मालकीची नसते. टीमच्या मालकाच्या मनात आलं की तो उठवतो."

"मला कोन उठवतो ते बघते."

ती तिथंच राहिली. न्हाणीघरात जायचं तेवढं उठायचं, बाकी जेवण, झोप, चहा, भांडण सगळं त्या सीटवर. माझी प्लास्टिकची खुर्ची दिवसा तिच्या बाजूला, रात्री तिच्या मागं दाराजवळ, कारण पाय पसरायला तिथंच जागा. पुढं तर मुंगी शिरणार नाही, स्क्रीन आणि भिंत.

*

तब्येत बरी असलेले दिवसही होते. ते लिहिले नाहीत तर खोटं होईल.

एकदा नमी दोन दिवसांसाठी आली. म्हणाली, "आये, चालवतेस का?" स्टेअरिंग परत लावलं, त्याचा जोर अगदी कमी केला, जॅक बंद ठेवले. स्क्रीनवर परदेशातला कुठला तरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी. मी चाळीस वर्षं स्टेअरिंग धरलं, बायकोला कधी त्याला हात लावू दिला नाही. गाडी लागते तुला, म्हणायचो.

तिनं दोन्ही हातांनी असं धरलं जसं सूप धरतात. गाडी निघाली. बैलगाडीच्या चालीनं. मागनं दुसऱ्या गाड्या सुईसुई करत गेल्या.

"हारन कुठाय?" तिनं विचारलं.

"शर्यतीच्या गाडीला हॉर्न नसतो आये."

"मग कळायचं कसं दुसऱ्याला?"

"कळवायचंच नसतं. पुढं जायचं असतं."

"बापासारखीच हाय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. मग एका वळणावर गाडी थेट गवतात गेली आणि उभी राहिली. नमी म्हणाली, मागं घे. सुगंधा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हितं सावली हाय." आणि आम्ही तिघं तिथं, त्या परदेशातल्या झाडाखाली, गाडी उभी करून बसलो. चहासुद्धा तिथंच प्यालो. तिचा अर्धा कप, तांब्यातला.

एकदा मी चुकीचं बटण दाबलं. चारही जॅक जागे झाले, सीट गदागदा हलायला लागली. ती सांगाड्याला धरून ओरडते, "अवो, कुठं नेताय मला?" मला लाल बटण सापडेना. सापडलं तेव्हा दोघंही धापा टाकत होतो, ती हसून आणि मी भिऊन. ट्रक मी घाटातसुद्धा कधी एवढा भिऊन चालवला नव्हता.

*

माझी मोठी बहीण, जनाआक्का, रोज यायची. तिला ती सीट बघवत नव्हती. "आजारी मानूस खाटेवर असतं. ही काय इमानात बसलीय? येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाठ करून."

"आक्का, तुमीबी बसा मांडीवर," सुगंधा म्हणायची. "फेरी मारून आणते मांडव्यापर्यंत."

आक्का हसायची नाही. तिच्या मनात काय होतं ते सुगंधाला माहीत होतं. आमच्याकडं माणूस जायला लागलं की त्याला खाली घेतात. जमिनीवर, उताणं, सरळ. खाटेवर किंवा खुर्चीत जीव जाणं बरं नव्हे. मीही ते मानतो. माझ्या आईला मी स्वतः खाली घेतलं होतं.

शेवटच्या वेळी दवाखान्यातनं येताना डॉक्टर म्हणाले, आता इथं ठेवलंत तरी चालेल, घरी नेलंत तरी चालेल. त्याचा अर्थ तिला कळला. घरी आल्यावर सीटवर बसली, थोडा दम घेतला आणि मला म्हणाली, "ऐका. मला खाली घ्यायचं ते नंतर. आधी न्हाय."

"काय बोलतेस?"

"तुमाला कळलं मी काय बोलते. आडवी केलीत तर बुडल्यासारखं व्हतं मला. बुडवून मारू नका. व्हय म्हना."

मी व्हय म्हणालो. म्हणायला सोपं होतं.

*

वाल सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा घेतला नाही. ओठ निळे. गावातले डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, मला बाहेर नेऊन म्हणाले, आता हलवू नका, माणसं बोलवा. नमीला फोन केला. ती चेन्नईकडं होती, म्हणाली संध्याकाळपर्यंत पोचते.

दुपारपर्यंत भाऊबंद जमले. ती बोलत नव्हती. डोळे अर्धे उघडे. तिला उजेड टोचायचा म्हणून स्क्रीन बरेच दिवस बंदच होते. आक्कानं तुळशीचं पान आणलं, पाणी आणलं, आणि म्हणाली, "खाली घ्या तिला."

मी म्हटलं, "नको."

"अरं, वेळ भरत आली. अंगाखाली जमीन पायजे. का तिला लटकती ठेवतोस?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला खरंच कळेना. खरं लिहितो, माझ्या मनात आलं, तिला दिलेला शब्द हा या खोलीतला, पण पुढचा रस्ता तिला एकटीला जायचाय, त्या रस्त्यावर माझ्यामुळं तिचं अडलं तर? मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याला पुतण्यानं होकार धरला. त्यानं आणि आणखी एकानं तिला काखेत हात घालून उचललं, गादीवर टेकवलं, डोकं खाली नेलं.

तिच्या घशातनं आवाज आला. तो मी लिहीत नाही. तिचा हात वर आला आणि काहीतरी धरायला हवेत फिरला.

मी पुतण्याच्या मनगटावर फटका मारला. "ठेव. जिथनं काढलीस तिथं ठेव."

"काका—"

"ठेव म्हणतो ना!"

परत सीटवर बसवली. बटण दाबलं, पुढची बाजू उचलली. हळूहळू तिचा श्वास परत लागला. आक्का रडायला लागली. "माझ्या भावजयीला तू धड मरू बी देत न्हाईस."

"धडच मरतेय ती. श्वास घेऊन मरतेय."

आक्का बाहेर निघून गेली. मला वाटलं, संपलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. थोड्या वेळानं ती आली ती ताट घेऊन. ताटात अंगणातली माती, अर्ध्यावर भरलेली. सत्तरी ओलांडलेली बाई, ती त्या सांगाड्यात वाकून शिरली, पेडलच्या मधे ताट ठेवलं, सुगंधाचे दोन्ही पाय उचलून त्या मातीवर टेकवले. पायांवरनं हात फिरवला.

"घे," ती मला म्हणाली. "जमीन लागली तिला."

मग मी मागं उभा राहिलो, सीटच्या पाठीशी. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर, ती खाली घसरू नये म्हणून. खिडकीतनं ऊन येत होतं. दोन तास गेले असतील. श्वास लांब-लांब झाले, मधलं अंतर वाढत गेलं, आणि एका श्वासानंतर दुसरा आलाच नाही. ती ओढत नव्हती. घुसमटली नाही. तेवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मग तिला खाली घेतलं.

तिला आंघोळ घालताना आक्का मला एकच वाक्य बोलली. रागानं नव्हे, कळवळून. "पन भिंतीकडं तोंड करून गेली रं. शेवटाला एक मानूस दिसलं न्हाय तिला."

नमी आली. संध्याकाळी सगळं झालं. आक्का म्हणाली ते खरंच होतं. सुगंधा घुसमटू नये म्हणून मी मागं उभा राहिलो, आणि तिला माझं तोंड दाखवायचं राहून गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि सवयीनं सिमच्या खोलीत गेलो. एसी चालूच होता. सीट रेललेलीच होती, तिच्या मापानं. मातीचं ताट तिथंच, त्यात दोन पावलांचे खळगे. मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. एवढ्या महिन्यांत एकदाही नाही. का कोण जाणे, बसलो. पाय ताटाला लागू नयेत म्हणून आखडून घेतले. पाठ टेकली. डोकं टेकलं.

खिडकीतनं ऊन आत आलं होतं. समोर तीन बंद स्क्रीन, काळे. आणि त्या काळ्या काचेत माझ्या पाठीमागची सगळी खोली. दार. दाराबाहेरचं अंगण. माझी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीच्या हातावर टाकलेला माझा टॉवेल. मी रोज रात्री जिथं मान टाकून झोपायचो ती जागा, बरोबर मधल्या स्क्रीनच्या मधोमध.

तेवढ्यात नमी मागं येऊन थांबली. "बाबा? काय करताय?"

"तिथं नको. पुढं ये. सीटच्या पाठीशी उभी ऱ्हा. माझ्या खांद्यावर हात ठेव."

"का?"

"ठेव."

तिनं ठेवले. काचेत नमीचं तोंड बघितलं. सुजलेले डोळे, न विंचरलेले केस, कपाळावरची बारीक आठी, नाकाचा शेंडा लाल. सगळं दिसत होतं.

"आक्काला बोलाव," मी म्हटलं.